डब्यातले तेल आणि इंजिनातले तेल

जबाब देणाऱ्याचे नाव : गुणवंत रामचंद्र कोलते
वय : ४६ वर्षे
व्यवसाय : नोकरी
राहणार : इचिकावा, चिबा प्रांत, जपान. मूळ राहणार चिंचवड, पुणे
जबाबाचे ठिकाण व तारीख : पोलीस ठाणे, तोकाची विभाग, होक्काइदो, २७ फेब्रुवारी २०२५

मी वर नमूद केलेला गुणवंत कोलते आज पोलीस ठाण्यात आपणहून आलो आहे. दुभाषी म्हणून श्रीमती चंद्रप्रभा इनोउए हजर आहेत. त्या मूळच्या साताऱ्याच्या असून लग्नानंतर ओबिहिरो येथे राहतात. त्यांचे मराठी मला समजते व माझे त्यांना समजते. विचारल्यावरून समक्ष सांगतो की,

मी वरील पत्त्यावर पत्नी नामे अवंतिका, वय ४१ व मुलगी नामे ओवी, वय ९ यांच्यासह राहतो. जपानमध्ये येऊन अकरा वर्षे झाली. तोयोसु येथील एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचे काम करतो. त्याआधी चिंचवडला वंगण तेलाच्या प्रयोगशाळेत नोकरीस होतो. त्यामुळे गाडीच्या तेलाविषयी मला माहिती आहे आणि त्यावर बोलण्याची सवयही आहे. ही सवय लोकांना आवडत नाही हे मला माहीत होते. किती आवडत नाही हे माहीत नव्हते.

विवेक शरद नाफडे, वय ३९, हे माझ्याच कंपनीत आहेत. ते जपानला आले तेव्हा त्यांचे घर मी शोधून दिले. कोणत्या वारी कोणता कचरा टाकायचा याचा कागद त्यांच्या फ्रिजवर मी चिकटवला होता. तेव्हा ते मला दादा म्हणत. गेल्या दोन वर्षांपासून ते आमच्या टीमचे प्रमुख आहेत. ऑफिसात मी त्यांना जपानी रीतीने आदराचा सान लावून विवेक-सान म्हणतो व बाहेर विवेक म्हणतो. ते मला दोन्हीकडे ऑइल-सान म्हणतात. त्यांच्या पत्नीचे नाव रुचा. त्यांना मूलबाळ नाही. आमच्या दोन कुटुंबांचे एकमेकांकडे जाणे-येणे आहे.

ऑइल-सान हे नाव कसे पडले असे विचारल्यावरून सांगतो. मागील वर्षी जानेवारीत आम्ही दोन्ही कुटुंबे नागानो येथे बर्फ पाहण्यास गेलो होतो. सकाळी उणे चौदा तापमान होते. विवेक यांची गाडी सुरू झाली नाही, माझी झाली. त्यांनी उन्हाळ्यात भरलेले जाड तेल तसेच ठेवले होते. निघण्यापूर्वी मी त्यांना ते बदलायला सांगितले होते. हॉटेलच्या दारात सर्वांसमोर मी म्हणालो, "तरी मी सांगत होतो." सर्व हसले. सामान उचलणारा मनुष्य, ज्याला मराठी येत नव्हते, तोही हसला. विवेकही हसले. परत आल्यावर पुढच्या सोमवारी ऑफिसात त्यांनी मला पहिल्यांदा ऑइल-सान म्हटले. मी हरकत घेतली नाही.

या वर्षी फेब्रुवारीच्या सुट्टीत उत्तरेकडील होक्काइदो बेटावर जाण्याचे ठरले. विवेक, रुचा व माझी पत्नी विमानाने जाणार होते आणि पुढे भाड्याची व्हॅन घेणार होते. पत्नीला बोट लागते. मी माझी स्वतःची गाडी फेरीने नेणार होतो व ओवी माझ्याबरोबर येणार होती. गाडी जुनी आहे, परंतु मी ती चांगली ठेवली आहे.

आम्ही जाणार होतो त्या डोंगराळ भागात पहाटे तापमान उणे पंचवीसच्याही खाली जाते. त्यामुळे तेल बदलणे जरूर होते. मी आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याविषयी लिहिले. तेलाच्या डब्यावर दोन आकडे असतात व मध्ये डब्ल्यू हे अक्षर असते. डब्ल्यू हिवाळ्याचा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितके ते तेल थंडीत वाहते राहते. मागचा आकडा इंजिन तापल्यानंतरचा. पुण्यात थंडीत खोबरेल तेलाची बाटली थिजते व ती उन्हात ठेवावी लागते; इंजिन उन्हात ठेवता येत नाही, म्हणून तिकडच्या थंडीला झीरो डब्ल्यूच पाहिजे, वीस डब्ल्यू घातले तर इंजिन फिरणारच नाही, असे मी लिहिले होते. हा मजकूर लांब होता. रुचा यांनी त्यावर जांभई देणारे चित्र टाकले. माझ्या पत्नीने लिहिले, "घरी पण हेच चालू असतं." विवेक यांनी लिहिले, "वीस डब्ल्यू. नोटेड, ऑइल-सान."

एरवी मी तेल स्वतः बदलतो. त्या रविवारी ओवीच्या शाळेत कार्यक्रम होता. विवेक फोनवर म्हणाले, "माझ्या ओळखीचं एक गॅरेज आहे. तू नुसती किल्ली दे आणि तुझं ते तेल दे. नेहमी तूच सगळ्यांचं करत असतोस, एकदा आम्हाला करू दे ना." मला बरे वाटले. मी किल्ली व झीरो डब्ल्यू वीस या तेलाचा चार लिटरचा सीलबंद डबा त्यांच्याकडे दिला. रुचा यांच्याकडे चहाला जाते असे सांगून माझी पत्नी त्यांच्याबरोबर गेली. ओवीच्या कार्यक्रमाला मी एकटा गेलो.

सायंकाळी विवेक यांनी गाडी आणून दिली व रिकामा डबाही दिला. म्हणाले, "हा घे तुझा डबा, नाहीतर म्हणशील विवेकने तेल पिऊन टाकलं." मी डबा पुसून कचऱ्याच्या दिवशी टाकला. त्या डब्यातले तेल कुठे गेले हे मला आजही माहीत नाही.

गुरुवारी सायंकाळी मी व ओवी फेरीत बसलो. बोटीवर ओवी मला पुन्हा पुन्हा विचारत होती, "पापा, कुरुमा दाइजोबु?" म्हणजे गाडी ठीक आहे ना. ती बहुतेक जपानीतच उत्तरे देते, परंतु गाडीविषयी तिने कधी विचारले नव्हते. मुलीला गाडीत रस वाटू लागला असे मला वाटले. मी तिला इंजिन कसे चालते ते समजावून सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले व नंतर ती रडली. बोट लागली असेल असे समजून मी तिला औषध दिले.

शुक्रवारी दुपारी तोमाकोमाई बंदरावर गाडी सुरू करताना इंजिन जड फिरले. मी विवेक यांना फोन केला. म्हणालो, "उचलायला जड वाटतंय. तेल नक्की माझंच घातलं ना?" ते म्हणाले, "अरे डबा दिला ना तुझ्या हातात? बॅटरी असेल बघ." मागून बायकांचे हसणे ऐकू आले. ओबिहिरो येथे पोचल्यावर मी नवीन बॅटरी घेतली व हॉटेलच्या तळघरातील पार्किंगमध्ये उभा राहून ती बसवली. त्यावेळी विवेक, रुचा व माझी पत्नी तेथे आले होते. बॅटरी बसवून होईपर्यंत ते थांबले. विवेक यांनी माझ्यासाठी टॉर्च धरला होता.

शनिवारी आम्ही डोंगरातील लाकडी घरात मुक्कामास गेलो. तेथपर्यंत गाड्या जात नाहीत. खाली रस्त्यालगत मोकळी पार्किंगची जागा आहे, तेथे गाड्या ठेवाव्या लागतात. घरमालक बर्फावर चालणाऱ्या वाहनातून वर नेतात व सकाळी खाली आणून सोडतात. रात्रभर दोन्ही गाड्या उघड्यावर होत्या.

रविवार २३ रोजी पहाटे आम्ही सामानासह खाली आलो. सूर्य उगवताना हवेतील बाष्पाचे कण गोठून चमकतात ते पाहण्यास वरच्या घाटात जायचे होते. पार्किंगमधील खांबावर तापमानाची पाटी आहे, तीवर उणे सत्तावीस दिसत होते. व्हॅन सुरू झाली. ते पाहून घरमालक निघून गेले. माझ्या गाडीचे इंजिन अर्धे फिरले व थांबले. दुसऱ्यांदा तेवढेही फिरले नाही.

मी बॉनेट उघडले. तेल मोजण्याची पट्टी ओढली तर ती निघेना. हातमोजे काढून जोर लावल्यावर निघाली. पट्टीला काकवीसारखे घट्ट तेल होते, ते खाली ओघळत नव्हते. मी बोटांवर घेऊन पाहिले. ते माझे तेल नव्हते. मी विवेक यांना म्हणालो, "हे माझं तेल नाही."

ते म्हणाले, "काय सांगतोस! थांब थांब, हे रेकॉर्ड करायला पाहिजे. तुझा फोन दे, तुझा कॅमेरा चांगला आहे." मी फोन उघडून दिला. गॅरेजवाल्याला पुरावा दाखवायला ते चित्रण करीत आहेत असे मला वाटले. त्यांनी विचारले, "ऑइल-सान, लोकांना सांगा, थंडीत कोणतं तेल घालावं?" मी सांगितले. रुचा व माझी पत्नी व्हॅनमध्ये बसून हसत होत्या. मी चिडून म्हणालो, "हसताय काय? गाडी बंद आहे." त्यावर त्या आणखी हसल्या.

मग विवेक म्हणाले, "हे बघ, उजाडायला लागलंय. आम्ही दहा मिनिटांत वर जाऊन येतो. रोड सर्व्हिसला मी वाटेतून फोन करतो. तू गाडी सोडून कुठे येतोस?" मी फोन परत मागितला. ते म्हणाले, "अरे दहा मिनिटं!" आणि व्हॅनमध्ये बसले.

व्हॅन हलताना ओवीने दार सरकवले व ती खाली उतरली. माझी पत्नी तिला म्हणाली, "ओवी, नाटकं नकोत. आत ये, थंडी येतेय." ओवी म्हणाली, "पापा हितोरी दा मोन." म्हणजे पापा एकटा आहे. विवेक म्हणाले, "राहू दे गं. बाप-लेक बसतील गप्पा मारत." दार बंद झाले. ओवीने व्हॅनमध्ये बसल्यावर बर्फाचे बूट काढून ठेवले होते. ते आतच राहिले. ती नुसत्या मोज्यांवर उभी होती. हे आतल्या कोणाच्या लक्षात आले किंवा नाही, मी सांगू शकत नाही.

मी ओवीला उचलून गाडीत बसवले व तिचे पाय माझ्या जॅकेटच्या आत घेतले. काही वेळाने ती म्हणाली, "पापा, गोमेन. दोक्किरी दा यो." गोमेन म्हणजे माफ कर; दोक्किरी म्हणजे इथल्या टीव्हीवर एखाद्याला फसवून त्याच्या फजितीचे चित्रण करतात तो प्रकार. मी विचारले, "कसली दोक्किरी?" ती मराठीत म्हणाली, "तेलाची. विवेककाकाने दुसरं घातलं. तुला सांगायचं नाही म्हणाले. सांगितलं तर सगळ्यांची मजा जाईल." मी विचारले, "तुला कोणी सांगितलं?" ती काचेकडे पाहू लागली. मी पुन्हा विचारले. ती म्हणाली, "मम्माने."

ओवीला या गोष्टीची अगोदरपासून माहिती होती. त्यानंतर मी तिला काही विचारले नाही. तिला थंडी वाजत होती म्हणून माझी लोकरी टोपी तिला घातली.

त्याच वेळी पायी का निघालो नाही, असे मला विचारण्यात आले. त्याचे उत्तर असे की, ही दोक्किरी आहे हे कळल्यावर माझी काळजी कमी झाली. गाडी खरोखर बिघडली असती तर मी लगेच निघालो असतो. परंतु दोक्किरीत माणसे शेवटी परत येतात व सगळे मिळून हसतात. मी ओवीला तसेच सांगितले. "आता येतील बघ," असे मी तिला म्हणालो. सगळे परत आल्यावर आपण रागावल्यासारखे करायचे नाही असेही आम्ही ठरवले.

किती वेळ थांबलो हे सांगता येत नाही. मी मधूनमधून किल्ली फिरवत राहिल्याने बॅटरी संपली व गाडीतील घड्याळ बंद पडले. आमच्या श्वासाने काचा आतून गोठल्या. मी खरवडून बाहेर पाहत होतो. समोरच्या डोंगराच्या टोकावर ऊन आले, मग निम्म्या डोंगरावर आले. पार्किंगमधील स्वच्छतागृह हिवाळ्यासाठी कुलूप लावून बंद होते. रस्त्यावरून एकही वाहन गेले नाही. ओवी बोलायची थांबली व तिला झोप येऊ लागली. तेव्हा मी निघायचे ठरवले.

घरमालकांचे घर चढावर, मऊ बर्फातून होते. रस्ता साफ केलेला होता आणि व्हॅन त्याच रस्त्याने परत येणार होती. म्हणून मी रस्ता धरला. माझे हातमोजे मी ओवीच्या पायांत घातले व वरून माझ्या मफलरने बांधले. तिला पाठुंगळी घेतले. माझे हात तिच्या गुडघ्यांखाली गुंफलेले होते. ते मोकळे करून खिशात घालणे शक्य नव्हते, कारण ती झोपेत सैल पडत होती. तिला जागे ठेवण्यासाठी मी तिच्याकडून पाढे म्हणवून घेत होतो. ती जपानीत म्हणत होती. मध्येच थांबून ती विचारायची, "ओकोत्तेरु?" म्हणजे रागावलास का. मी नाही म्हणालो. तिने हे बऱ्याच वेळा विचारले.

सुरुवातीला बोटे फार दुखत होती. नंतर दुखायची थांबली. हात गरम झाले असे मला वाटले.

गोठ्यांवरून दूध गोळा करणारा टँकर समोरून आला व थांबला. चालक एक बाई होत्या. त्यांनी ओवीला खाली घेण्याचा प्रयत्न केला, परंतु माझे हात सुटत नव्हते. मला ते सोडता येत नव्हते. त्यांनी स्वतःचे हातमोजे काढून माझी बोटे एकेक करून उकलली. त्या सर्व वेळ माझ्याशी बोलत होत्या, परंतु काय बोलत होत्या ते मला आठवत नाही. त्यांनीच आम्हाला रुग्णालयात नेले. त्यांचे नाव मला माहीत नाही. ते पोलिसांकडे असल्यास मला कळवावे.

रुग्णालयात ओवीला तपासून दोन दिवसांनी सोडले. तिच्या गालाची कातडी सोलली आहे, पाय शाबूत आहेत. माझ्या उजव्या हाताची तीन बोटे व डाव्या हाताची करंगळी अशी चार बोटे काळी पडली आहेत. ती राहणार नाहीत असे डॉक्टरांनी सांगितले. कुठपर्यंत कापावी लागतील हे काही आठवड्यांनी ठरेल.

रविवारी दुपारी विवेक रुग्णालयात आले. त्यांचे पहिले वाक्य असे होते, "अरे आम्ही परत आलो तर तुम्ही गायब! केवढे घाबरलो आम्ही!" मी विचारले, "रोड सर्व्हिसला फोन केला होतास?" ते म्हणाले, "करणारच होतो." मी म्हणालो, "दहा मिनिटं म्हणाला होतास." ते म्हणाले, "आता तू मिनिटं मोजणार का? गंमत होती यार. नागानोला तू नाही का केलीस माझी?" नंतर त्यांनी खुर्ची जवळ ओढली व हळू आवाजात म्हणाले, "हे हातांचं ऑफिसात नको. मार्चमध्ये तुझ्या कॉन्ट्रॅक्टचं रिन्यूअल आहे, व्हिसा त्यावरच आहे. मी सांभाळून घेतो. तूही सांभाळून घे." जाताना माझा फोन उशाशी ठेवून गेले.

संध्याकाळी रुचा एकट्या आल्या. त्या दारातच उभ्या राहिल्या. त्यांनी सांगितले की व्हॅन वरच्या घाटात गेली, देखावा फार छान होता म्हणून सगळे तेथे रेंगाळले, नंतर खाली पलीकडच्या गावातील कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, गरम सूप घ्यायला गेले. एकदा अवंतिका म्हणाली होती, "चला आता, पुरे झालं." त्यावर विवेक म्हणाले, "थिजू दे की अजून थोडं." मी विचारले, "मग?" रुचा म्हणाल्या, "मग काय. हसलो आम्ही." मी विचारले, "कोण कोण?" त्या म्हणाल्या, "सगळेच, गुणवंत." आणि निघून गेल्या.

नर्सने धरलेला फोन मी रात्री पाहिला. विवेक यांनी माझ्या फोनवरून, माझ्याच नावाने, पार्किंगमधील चित्रण ऑफिसातील मराठी कुटुंबांच्या ग्रुपवर टाकले होते. खाली लिहिले होते, "मित्रहो, मी थिजलो आहे." तेव्हा आम्ही रस्त्यावर होतो की अजून गाडीत होतो, हे मला सांगता येत नाही. त्याखाली पुष्कळ लोकांनी हसण्याची चित्रे टाकली होती. काही जणांना मी गेली आठ-नऊ वर्षे ओळखतो. त्याच्या पुढे रुचा यांच्या फोनवरून गॅरेजमधील चित्रण टाकलेले होते. त्यात विवेक माझ्या गाडीत जुन्या मोटारसायकलींना वापरतात ते वीस डब्ल्यू साठ तेल ओततात व डबा कॅमेऱ्यासमोर धरून म्हणतात, "वीस डब्ल्यू. दादांनीच ग्रेड सांगितली." चित्रण करणाऱ्या रुचा आहेत. मागे एका बाईच्या हसण्याचा आवाज येतो. हसता हसता तिला ठसका लागतो. तो आवाज माझ्या पत्नीचा आहे. मी तो ओळखतो.

त्याच फोनमध्ये घाटातील सूर्योदयाचे फोटो आहेत. एकात माझी पत्नी दोन्ही हात पसरून उभी आहे व तिच्याभोवती बर्फाचे कण चमकत आहेत. फोटो चांगला आला आहे. हे सर्व मी पोलिसांना दिले आहे.

पत्नीशी माझे काय बोलणे झाले असे विचारल्यावरून सांगतो. ती ओवीच्या खोलीत होती. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली. म्हणाली, "ओवीला काही झालं नाही ना? मग आता वाढवू नकोस." मी माझे हात पांघरुणाबाहेर काढले. ती खिडकीकडे पाहत म्हणाली, "तुझं तेल, तेल, तेल ऐकून सगळे कंटाळले होते रे. कोणीतरी कधीतरी काहीतरी करणारच होतं." मी विचारले, "तुला माहीत होतं, तर ओवीला माझ्याबरोबर का पाठवलंस?" ती म्हणाली, "बोट मला लागते, तिला नाही." याशिवाय त्या दिवशी आमच्यात बोलणे झाले नाही.

आज येथे येताना ती व ओवी माझ्याबरोबर आल्या आहेत व बाहेर बाकावर बसल्या आहेत. आत येण्यापूर्वी पत्नी मला म्हणाली, "अपघात झाला म्हण. एवढंच म्हण. कोणाचं काही जात नाही." ओवीने माझ्या जॅकेटची चेन लावून दिली, कारण मला लावता येत नाही.

माझी तक्रार विवेक शरद नाफडे यांच्याविरुद्ध आहे. त्यांनी मला न विचारता गाडीत दुसरे तेल भरले, विचारल्यावर खोटे सांगितले, माझा फोन नेला, मदत बोलावतो असे सांगून बोलावली नाही आणि मला व माझ्या मुलीला तेथे सोडून गेले. रुचा यांनी चित्रण केले. माझी पत्नी नामे अवंतिका हिच्याविरुद्ध तक्रार द्यायची आहे का, असे मला विचारण्यात आले. मी वेळ मागितला. अधिकाऱ्यांनी चहा आणला, तो श्रीमती इनोउए यांनी कप धरून मला पाजला. त्यानंतर मी सांगितले की, पत्नीविरुद्ध मला तक्रार द्यायची नाही. जे झाले ते मी वर सांगितले आहे. तिच्याविषयी आणखी काही विचारू नये.

येथून मी इचिकावाला तिच्याबरोबर परत जाणार आहे का, असे श्रीमती इनोउए यांनी विचारले. हा प्रश्न पोलिसांचा नसून त्यांचा स्वतःचा होता, असे त्यांनी नंतर सांगितले. मी त्यांना जबाब वाचून दाखवण्यास सांगितले.

हा जबाब श्रीमती इनोउए यांनी मला पहिल्या ओळीपासून मराठीत ऐकवला. ऐकत असता "ओवीला या गोष्टीची अगोदरपासून माहिती होती" हे वाक्य खोडून टाकावे अशी मी विनंती केली. लिहिलेले खोडता येत नाही, त्यापुढे जोडता येते, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. म्हणून जोडतो की, ओवी नऊ वर्षांची आहे. त्या व्हॅनमधून खाली उतरलेली ती एकटीच होती.

बाकी मजकूर मी बोललो तसाच उतरला आहे व तो खरा आहे. उजव्या हाताने सही करता येत नसल्याने डाव्या अंगठ्याचा ठसा देत आहे. कागद हलू नये म्हणून तो श्रीमती इनोउए यांनी धरला आहे.